नागपुरात 'लीलावती' शिकलेले बापूदेव शास्त्री कोण होते?

नागपूरवर भोसल्यांचं राज्य होतं आणि कारभार महालातून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. 1821 साली जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपुरातल्या मराठी शाळेत शिकले. ढुंढिराज मिश्र यांच्याकडे त्यांनी भास्कराचार्यांचे 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे ग्रंथ अभ्यासले.

त्यांची हुशारी पाहून लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेलं. पुढे 1842 च्या सुमारास ते बनारसच्या संस्कृत कॉलेजात गणित शिकवू लागले.

पण आज त्यांची आठवण का काढायची?

कॅल्क्युलस म्हटलं की आपल्याला न्यूटन आणि लायब्निझ आठवतात. ग्रहाची गती सतत बदलते. मग एका नेमक्या क्षणी ती किती, हे कसं काढायचं? भास्कराचार्यांनी 12 व्या शतकात या 'तात्कालिक गती'चा विचार केला होता. त्यांना कॅल्क्युलसचं तत्त्व माहीत होतं, असा दावा बापूदेवांनी 1858 मध्ये एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये केला.

त्यावर इंग्लंडमध्येही चर्चा झाली. गणितज्ञ विल्यम स्पॉटिस्वूड यांनी दोन्ही पद्धतींतलं ठळक साम्य मान्य केलं, पण बापूदेवांचा दावा जरा जास्तच होतो, असं त्यांचं मत पडलं. वाद मिटला नाही, पण भास्कराचार्यांचं काम जगाच्या चर्चेत आलं.

बापूदेवांनी 'सूर्यसिद्धान्त' इंग्रजीत आणला आणि विद्यार्थ्यांसाठी हिंदीत बीजगणित लिहिलं. 1887 मध्ये त्यांना 'महामहोपाध्याय' पदवी मिळाली. 1890 मध्ये त्यांचं निधन झालं.