दुष्काळातून आलेली पंडिता

महिनाअखेरीस घरखर्चाची तोंडमिळवणी करताना जीव मेटाकुटीस येतो, तेव्हा मला पंडिता रमाबाईंचे लहानपण आठवते. जन्म १८५८ सालचा. स्वतःचे असे घर नव्हतेच. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. आई लक्ष्मीबाई पहाटे उठवून लेकीला संस्कृत शिकवी. दुष्काळात शिल्लक सरली, दागिने व भांडी गेली. १८७४ साली वडील वारले, पाठोपाठ आई. आईच्या तिरडीला तीनच माणसे मिळाली. चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. चणीने ठेंगणी, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला! पुढे बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास व ती पायी देशभर हिंडली. थंडीत पांघरूण नसे, तेव्हा वाळूत खड्डे खणून दोघे गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत.

आईने दिलेले संस्कृत मात्र कोणाला विकता येण्याजोगे नव्हते, तेच कामी आले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘सरस्वती’ पदवी दिली.

मग भाऊ गेला, १८८२ मध्ये वैधव्यही आले. १८८३ च्या धर्मांतराने पुष्कळजण दुरावले. तो वाद आजही मिटलेला नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावास त्यांनी या मुलींना नुसते जेवू घातले नाही. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे शिकवली. १९२२ साली त्या तेथेच वारल्या.