क्वीनच्या आधी पाचगणीच्या होस्टेलमध्ये जमला होता फ्रेडी मर्क्युरीचा पहिला बँड

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ७० हजारांच्या आसपास पब्लिक. निमित्त होतं इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी भरवलेल्या लाइव्ह एडचं. क्वीन बँडला मिळाली जेमतेम वीस मिनिटं. तेवढ्यात फ्रेडी मर्क्युरीने अख्खं स्टेडियम आपल्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवायला लावलं.

पण हाच माणूस आपल्या पहिल्या बँडमध्ये मुख्य गायकच नव्हता. तो पियानोवर बसायचा. आणि तो बँड जमला होता आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत.

फ्रेडीचं खरं नाव फारूख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं पारशी, मूळचं गुजरातमधल्या वलसाडचं. आडनावही त्यावरूनच आलं. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. पोराला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला आठव्या वर्षी भारतात पाठवलं. बोटीने मुंबई, मग घाट चढून पाचगणीची सेंट पीटर्स शाळा.

आईबाप समुद्रापलीकडे, त्यामुळे भेट क्वचितच व्हायची. बऱ्याच सुट्ट्या मुंबईत मावशी-आजीकडे जायच्या. त्यात पुढे आलेल्या दातांमुळे पोरं 'बकी' म्हणून चिडवायची. फारूख लाजाळू होता. पण टेबल टेनिसमध्ये तरबेज होता आणि बॉक्सिंगही खेळायचा. 'फ्रेडी' हे नावही त्याला इथल्याच मित्रांनी दिलं. पुढे घरचेही त्याच नावाने हाक मारू लागले.

त्याची खरी कमाल दिसायची पियानोवर. रेडिओवर एखादं गाणं ऐकलं की पठ्ठ्या ते पियानोवर वाजवून दाखवायचा. ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या नजरेतून सुटली नाही. थोडी जादा फी भरून मुलाला पियानो शिकवावा, असं त्यांनी झांझिबारला कळवलं. आईवडील तयार झाले आणि फ्रेडीने चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या.

तो काळ रॉक अँड रोलचा. एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि मूळ लखनौचा जन्म असलेला क्लिफ रिचर्ड यांची गाणी होस्टेलच्या पोरांपर्यंत पोहोचली होती. १९५८ च्या सुमारास पाच दोस्तांनी बँड काढला. नाव ठेवलं 'द हेक्टिक्स'. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रँच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रम्सवर. फरंग इराणीचा बास तर चहाच्या खोक्यापासून बनवलेला होता. आणि पियानोवर फ्रेडी.

शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं वाजवायची. एरवी गप्प राहणारा फ्रेडी पियानोसमोर बसला की वेगळाच व्हायचा.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाचगणी सुटली आणि तो झांझिबारला परतला. पण जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, हजारो लोक मारले गेले. बलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. लंडनजवळच्या फेल्टममध्ये शून्यातून संसार उभा राहिला.

फ्रेडीने ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकलं. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत क्वीन सुरू झाला आणि बलसाराचा मर्क्युरी झाला. १९७५ ची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' त्यानेच लिहिली आणि तिच्यातला पियानोही त्यानेच वाजवला.

प्रसिद्ध झाल्यावर मात्र तो पाचगणीबद्दल फारसा बोलला नाही. एड्स झाल्याचं जाहीर केल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ ला, तो गेला. वय अवघं ४५. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला.

बाकीचे हेक्टिक्सही आपापल्या वाटेने गेले. डेरिक ब्रँच ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. फरंग इराणीने पुण्यात हॉटेल चालवलं. आणि ड्रम्स बडवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला.