औषधाची ओळख पटवणारा गोव्याचा वैद्य : गार्सिया द ओर्ता

चाकणच्या कारखान्यात साधा बोल्ट आला, तरी तो ड्रॉइंगशी ताडून आणि बॅच नंबर नोंदवूनच आत घेतला जातो. खोक्यावरचे नाव बरोबर आहे, एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही. औषधी वनस्पतींच्या बाबतीत मात्र नावावरचा विश्वास शतकानुशतके टिकून राहिला. ग्रंथात एक नाव, बाजारात तेच नाव आणि पुडीत भलतीच मुळी, असे घडत राहिले. नावामागची वनस्पती कोणती, ती कुठे वाढते आणि तिचा कोणता भाग वापरतात, हे स्वतः पाहून-विचारून भारतात बसून छापील पुस्तकात मांडणारा पहिला डॉक्टर म्हणजे गोव्याचा गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो दे विदे या स्पेनच्या सीमेजवळच्या गावात झाला. त्याचे कुटुंब १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यू लोकांपैकी. पोर्तुगालमध्ये आसरा मिळाला, पण १४९७ मध्ये तिथेही ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशयाची नजर असे. ओर्ताने सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले, काही वर्षे गावी रुग्ण तपासले आणि मग लिस्बनच्या विद्यापीठात शिकवले. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौसा या सेनानीचा वैद्य म्हणून तो जहाजात बसला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला. तो परत कधीच गेला नाही.

गोवा तेव्हा जगातल्या औषधांची मोठी पेठ होती. सिलोनची दालचिनी, मलबारचे मिरे, खंबायतमार्गे येणारे कोष्ठ, इराणकडचा हिंग, सगळे त्या बंदरात उतरे. ओर्ताने तिथे दवाखाना थाटला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रुग्ण झाले, शिवाय औषधांचा आणि रत्नांचा व्यापारही तो करू लागला. मुंबई बेटही त्याला कायमच्या भाडेपट्ट्याने मिळाले. तिथल्या आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, याचे त्याला मोठे अप्रूप होते.

त्याची खरी शाळा मात्र घाटावर भरली. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण होता आणि मित्रही. त्याच्या दरबारी अरबी व इराणी परंपरेतले हकीम होते. ओर्ता तिथे जाऊन राही, त्यांच्याशी चर्चा करी, एकेका औषधाची अरबी, फारसी आणि दख्खनी नावे विचारून घेई. गोव्यात परतल्यावर तीच वस्तू तो स्थानिक वैद्यांना दाखवी, व्यापाऱ्यांना ती कुठून आणली ते विचारी आणि शक्य असेल तिथे ते झाड आपल्या बागेत लावून पाही. चार बाजूंनी माहिती जुळली, तरच ओळख पक्की.

हे काम का गरजेचे होते? युरोपातले डॉक्टर तेव्हा डायोस्कोरिडिस आणि गॅलन या ग्रीक वैद्यांच्या, तसेच इब्न सीना या इराणी वैद्याच्या ग्रंथांवर चालत. त्यात भारतातल्या अनेक औषधांची वर्णने होती, पण लिहिणाऱ्यांनी ती झाडे पाहिलेली नव्हती. ग्रीकमधून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये जाताना नावे बदलली, चुका वाढल्या. एका औषधाची दोन झाली, दोन औषधांचे एक झाले. मिरे आणि पिंपळी एकाच झाडाला येतात, असे विद्वान सांगत. ओर्ताने दाखवून दिले, की त्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. कोकणातल्या कोणत्याही परसदारी हे माहीत होते, फक्त तिथे जाऊन विचारायला कोणी तयार नव्हते.

हे सारे त्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथात मांडले. भारतातील औषधी द्रव्यांवरील संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. मुद्रणकला गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती आणि पुस्तकात छपाईच्या चुका भरपूर होत्या. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा काल्पनिक डॉक्टर ग्रंथांचे दाखले देत प्रश्न विचारतो आणि ओर्ता त्याला डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. मधेच आंतोनिया ही घरातली दासी एखादे फळ किंवा मुळी आणून दाखवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही त्यात भेटतो. गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात ते कोकम, फणस, जांभूळ, विडा-सुपारी, अफू, भांग, निशोत्तर अशी मोठी यादी त्यात आहे. धोतरा खायला घालून चोरी झाल्याची हकीकतही आहे. विष पोटात गेलेली दासी हसत सुटली होती, हे लक्षण त्याने टिपले आहे. भ्रम होणे हे धोतऱ्याच्या विषबाधेचे लक्षण आजही डॉक्टर ओळखतात.

पटकीचे त्याचे वर्णन वैद्यकाच्या इतिहासात विशेष मानले जाते. क्षीण नाडी, थंड पडलेले अंग, खोल गेलेले डोळे, पायात गोळे आणि बहुधा एका दिवसात मृत्यू. इथले लोक या रोगाला मोडशी म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले, असे ओर्ताने नोंदवले. पुढे फ्रेंचांच्या तोंडी याच शब्दाचे रूप इतके बदलले, की त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होऊ लागला. मूळ शब्दाचा कुत्र्याशी काही संबंध नव्हता. रोगाच्या नावाचे जे झाले, तेच औषधांच्या नावांचेही होत होते.

ओर्ता सगळीकडे बरोबर होता असे नाही. दालचिनीच्या दोन प्रकारांत फरक फक्त जमिनीचा आहे, झाड एकच, असे त्याचे मत होते. आज आपण जाणतो, की सिलोनची दालचिनी आणि जाड सालीची कॅसिया या एकाच कुळातल्या पण वेगळ्या जाती आहेत. कॅसियात कुमारिन हे यकृताला त्रासदायक ठरू शकणारे द्रव्य बरेच जास्त असते. ओर्ताला संस्कृत येत नव्हते. त्यामुळे चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांपर्यंत तो पोहोचलाच नाही, त्याला आयुर्वेद भेटला तो वैद्यांच्या तोंडून. या वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, अशी टीका त्याने केली. पण युरोपीय उपाय चालेनासे झाले, की त्यांचीच औषधे आपण वापरतो, हेही मोकळेपणाने मान्य केले.

पुस्तक युरोपात पोहोचले. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये प्रसिद्ध केला आणि भारतीय औषधांची माहिती सगळ्या विद्यापीठांत गेली. त्यानंतर वर्षभरात, १५६८ मध्ये ओर्ता गोव्यात वारला.

औषधांची खरी ओळख शोधणाऱ्या या माणसाला स्वतःची ओळख जन्मभर लपवावी लागली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. ओर्ताच्या मृत्यूनंतर त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जिवंत जाळण्यात आले. भाऊही त्याच श्रद्धेचा होता, हे चौकशीत पुढे आले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. पणजीतील महापालिकेचे उद्यान आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

त्याने धरलेली वाट मात्र बंद पडली नाही. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा चित्रांसह ग्रंथ केला. त्याला इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी भाषक वैद्यांची मदत होती. मुंबईचे लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बामनदास बसूंसोबत केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ मध्ये, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. आज आयुर्वेदिक फार्माकोपियात प्रत्येक द्रव्याचे शास्त्रीय नाव, वापरायचा भाग, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना, जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे प्रमाण अशी मानके दिलेली असतात.

तरीही प्रश्न संपलेला नाही. अशोकाच्या सालीच्या नावाखाली, सोसायट्यांच्या कुंपणालगत लावतात त्या उंच, सरळ आसुपालवाची साल विकली जाते. शंखपुष्पी आणि रास्ना ही नावे वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पतींना आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते. असा वाद मिटवायचा, तर प्रत्येक रुग्णाने घेतलेली वेल नेमकी कोणती हे आधी ठरवावे लागते. बहुतेकांच्या घरी तोवर ती वेल उरलेलीही नसते.

म्हणून कोणतीही वनौषधी घेताना काही गोष्टी पाळाव्यात. सुटी पूड घेण्याऐवजी परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि शास्त्रीय नाव छापलेले पाकीट घ्यावे. कुंपणावरची किंवा नर्सरीतली वेल केवळ सारखी दिसते म्हणून काढ्यात घालू नये. कोणत्याही आजारासाठी रुग्णालयात गेल्यावर आपण कोणता काढा, चूर्ण किंवा गोळी घेतो ते डॉक्टरांना न लपवता सांगावे आणि उरलेले औषध सोबत न्यावे. कावीळ, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे असे काही दिसले, तर काढा लगेच थांबवून तपासणी करून घ्यावी.