घाट चढणाऱ्या इंजिनामागचा माणूस

परतवाडा मागे पडले की रस्ता सातपुड्यात शिरतो आणि वळणे घेत चिखलदऱ्याला, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर जाऊन पोहोचतो. वर लागणारे सिमेंट, किराणा, भाजीपाला याच घाटाने ट्रकमधून चढते. भरलेल्या ट्रकमागे अडकलेल्या दुचाकीस्वाराला तो काळा धूर चांगलाच ओळखीचा असतो. यातले अनेक ट्रक जुने असतात. नवे इंजिन परवडत नाही, म्हणून मालक जुनेच गॅरेजमध्ये बांधून घेतो. कमी पैशात जास्त काम, हा हिशेब या इंजिनाच्या जन्मापासूनचा आहे. तो मांडणाऱ्या माणसाचे नाव रुडॉल्फ डिझेल. आज त्याचे आडनाव प्रत्येक पेट्रोल पंपावर लिहिलेले असते.

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील पुस्तकबांधणी आणि कातडी वस्तूंचे काम करीत. घरची परिस्थिती बेताची होती. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा जर्मन कुटुंब म्हणून त्यांना पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या मुलाला तिथून शिक्षणासाठी जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशाळेत शिकला. 1879 मध्ये विषमज्वराने त्याला गाठले आणि अंतिम परीक्षा हुकली. आजारातून उठल्यावर, 1880 च्या जानेवारीत त्याने ती उत्तम गुणांनी पूर्ण केली.

म्युनिकमध्ये त्याचे शिक्षक होते कार्ल फॉन लिंडे, शीतकरण यंत्रांचे जनक. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक दशांश भागच वाफेच्या इंजिनातून कामाला येतो, बाकीची वाया जाते, हे त्यांच्या वर्गात ऐकलेले गणित रुडॉल्फच्या डोक्यात घर करून बसले. त्याला आणखी एक गोष्ट खुपत होती. वाफेचे इंजिन अवाढव्य, ते फक्त मोठ्या कारखानदाराला परवडे. सुतार, विणकर, लोहार असे छोटे कारागीर त्यामुळे मागे पडत होते. थोड्या इंधनावर चालणारे इंजिन हाती आले तर या माणसांना तग धरता येईल, असे त्याला वाटे.

त्याची कल्पना सायकलला हवा भरणाऱ्या कोणालाही समजेल. पंप मारताना तो खालच्या बाजूला गरम होतो, कारण हवा दाबली की तापते. सिलिंडरमधली हवा तिच्या पंधरा-वीसाव्या हिश्श्यात दाबली तर तापमान 500 अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या हवेत इंधन सोडले की ते आपोआप पेटते, ठिणगीची गरज पडत नाही. जितका दाब जास्त, तितका त्याच इंधनातून कामाचा वाटा मोठा. 1893 मध्ये त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यात प्रयोग सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्याच चाचणीत दाब इतका वाढला की इंजिनावर बसवलेले मापकयंत्र फुटून उडाले. रुडॉल्फ थोडक्यात वाचला. पण इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते. 1894 च्या फेब्रुवारीत इंजिन स्वतःच्या बळावर जेमतेम मिनिटभर फिरले. 1897 मध्ये सुमारे 3 मीटर उंचीच्या, 20 अश्वशक्तीच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून अधिक भाग कामाला येत होता. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले.

पैसा भरभरून आला. हक्क विकून तो लक्षाधीश झाला, म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. पण ग्राहकांकडे गेलेली सुरुवातीची इंजिने वारंवार बिघडू लागली, पेटंटवरून वाद झाले. असह्य डोकेदुखी आणि मानसिक थकवा इतका वाढला की त्याला उपचारांसाठी आरोग्यधामात राहावे लागले. जमिनीच्या व्यवहारांत आणि गुंतवणुकीत पैसा बुडत गेला. कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे कारखाने उभारावेत, असे सांगणारे पुस्तक त्याने 1903 मध्ये काढले, तेही फारसे कोणी घेतले नाही. 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढला. रात्री जेवून खोलीकडे गेला तो पुन्हा दिसला नाही. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरच्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. घरी कर्जाचा डोंगर होता. इतिहासकारांचा कल आत्महत्येकडे आहे, तरी वाद आजही मिटलेला नाही.

ट्रकमधले यशस्वी डिझेल इंजिन त्याला पाहता आले नाही. त्याच्या इंजिनात इंधन दाबलेल्या हवेने फवारले जाई आणि त्यासाठी लागणारा जड कॉम्प्रेसर वाहनात मावत नसे. इंधन थेट दाबाने फवारणारे पंप आल्यावर, 1920 च्या दशकात, जर्मन ट्रकांमध्ये हे इंजिन बसले. 1927 पासून बॉशने असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. आपल्याकडे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवर डिझेल इंजिन धडधडू लागले. छोट्या माणसाच्या हाती इंजिन देण्याचे रुडॉल्फचे स्वप्न असे उशिराने आणि दूर देशी खरे झाले.

त्याची एक किंमतही आहे. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. यातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात, दमा आणि हृदयविकार बळावतात. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले इंधन, म्हणजेच वाया गेलेला पैसा. चिखलदऱ्याच्या उंचीवर हवा मैदानापेक्षा साधारण एक दशांशाने विरळ असते. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला तिथे हवा कमी पडते. पंप मैदानाच्या हिशेबाने किंवा त्याहून जास्त सोडलेला असेल, तर धूर वाढतो पण ताकद वाढत नाही.

म्हणून इंजिन बांधताना काटकसर कुठे करायची, हे महत्त्वाचे. क्रँकशाफ्ट तपासून, मापात बसत असेल तर ग्राइंड करून पुन्हा वापरता येतो. ब्लॉक धड असेल तर नवे लायनर, पिस्टन आणि रिंगा टाकून भागते. पण झिजलेले नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन, एअर फिल्टर आणि व्हॉल्व्हची बैठक यांवर पैसे वाचवू नयेत. दाब पुरेसा मिळाला आणि इंधन बारीक फवारले गेले, तरच ते पूर्ण जळते. रुडॉल्फ डिझेलने आयुष्यभर हाच हिशेब धरला होता: इंधनाचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. तो पाळला तर मालकाचे पैसे वाचतात आणि ट्रकमागून घाट चढणाऱ्याची फुप्फुसेही.