टोपीवाल्याचा मुलगा

टोपीवाला म्हटलं की आपल्याला झाडावरची माकडंच आठवतात. मी मात्र आज एका खऱ्या टोपीवाल्याबद्दल लिहिणार आहे. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती!)

माझी बॅच पुढच्या वर्षाला गेली तेव्हा मी घरी कॉटवर पडून होतो. टीबी. सहा महिने गोळ्या आणि एक वर्ष ड्रॉप. दुपारी टीव्हीवर कॉवबॉयचे जुने पिक्चर बघायचो. प्रत्येकाच्या डोक्यावर ती रुंद काठाची हॅट. तिला ‘स्टेटसन’ का म्हणतात हे शोधायला गेलो आणि जॉन बॅटरसन स्टेटसन हा माणूस भेटला.

त्यांचा जन्म ५ मे १८३० चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावचा. वडील हॅट बनवणारे कारागीर. जॉनही तेच काम शिकला. पण ऐन तारुण्यात त्याला क्षय झाला आणि आता फार दिवस उरले नाहीत असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. हे वाचताना माझ्या पोटात गोळाच आला. मला निदान औषधं तरी होती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ साली, आणि त्यावरचं स्ट्रेप्टोमायसिन आलं थेट १९४३ मध्ये. जॉनसाठी उपाय एकच, हवापालट.

तो पश्चिमेकडे निघाला. मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी विटांच्या भट्टीवर राबला, जम बसवला, आणि नदीला पूर येऊन सगळ्या विटा वाहून गेल्या. यादवी युद्धात भरती व्हायला गेला तर तब्येत बघून परत पाठवलं. मग सोनं शोधणाऱ्यांच्या टोळीबरोबर कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकची वाट धरली.

इथे गोष्टीला वळण मिळतं. असं सांगतात की वाटेत सोबत्यांनी कातडी शिवून तंबू केला, पण न कमावलेल्या कातड्याला भयंकर वास सुटला. तेव्हा जॉननं त्यांना वडिलांची विद्या दाखवली. कातड्यावरची लव कापली, आपल्याकडच्या पिंजाऱ्यासारखी धनुकली करून ती पिंजली, तोंडानं पाण्याचा फवारा मारला आणि गरम पाण्यात घालून दाबत राहिला. तयार झालं फेल्ट! यात ना विणकाम, ना शिवण. लवेच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. मटेरियल सायन्सच्या ओरलला मला हे कुणी विचारलं असतं तर!

त्याच फेल्टची जॉननं स्वतःसाठी भल्या मोठ्या काठाची हॅट केली. ऊन, पाऊस, वारा, सगळ्याला पुरून उरणारी. म्हणतात की एका घोडेस्वारानं ती पाच डॉलरला विकतसुद्धा घेतली.

सोनं काही फारसं मिळालं नाही. पण १८६५ मध्ये तो फिलाडेल्फियाला आला तो धडधाकट होऊन. शंभर डॉलर भांडवल, भाड्याची एक छोटी खोली आणि दोन कामगार. आधी त्यानं चालू फॅशनच्या हॅट केल्या, पण तशा तर सगळेच करत होते. मग त्याला ती तंबूवाली हॅट आठवली. ‘बॉस ऑफ द प्लेन्स’ असं नाव देऊन त्यानं नमुने पश्चिमेकडच्या दुकानदारांना पाठवले आणि ऑर्डरींचा पाऊस पडला. मूळ हॅटचा माथा गोल, साधा होता. आपण बघतो त्या खळ्या कॉवबॉय लोकांनी नंतर आपापल्या हातानं पाडल्या.

पुढे त्या खोलीचा हजारो कामगारांचा कारखाना झाला. हा धंदा मात्र तब्येतीला वाईट. लव तयार करायला तेव्हा मर्क्युरिक नायट्रेट वापरत, आणि पाऱ्यामुळे कारागिरांचे हात थरथरायला लागत. अमेरिकेत हा वापर थांबायला १९४१ साल उजाडलं. स्टेटसन यांनी कामगारांसाठी दवाखाना काढला, घरकर्जाची सोय केली. फ्लोरिडातल्या डीलँड विद्यापीठाला इतकी मदत केली की १८८९ मध्ये त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. त्याच गावी १८ फेब्रुवारी १९०६ रोजी ते वारले. फिलाडेल्फियाचा कारखाना १९७१ मध्ये बंद पडला, पण त्यांच्या नावाची हॅट आजही विकली जाते.

मला आवडलं ते वेगळंच. विटा गेल्या, सैन्यानं नाकारलं, सोनं मिळालं नाही. हातात राहिलं ते वडिलांनी शिकवलेलं काम. आणि फार दिवस नाहीत म्हटलेला माणूस ७५ वर्षं जगला.

असो. मी जुलैमध्ये हॉस्टेलला परत आलो. कोर्स पूर्ण झालाय, रिपोर्ट निगेटिव्ह आहे. तरी मेसमध्ये काही जण माझ्या टेबलावर बसत नाहीत. मला राग नाही, पूर्वी मीही कदाचित तसंच केलं असतं. फक्त एवढंच सांगतो, उजव्या कोपऱ्यातल्या टेबलावर तीन खुर्च्या रिकाम्या असतात. या कधीतरी. हॅटच्या अजून बऱ्याच गोष्टी आहेत माझ्याकडे.