आलेखांचा जनक : विल्यम प्लेफेअर

संख्याशास्त्राच्या तासाला आपण आलेख-कागदावर रेषा ओढतो, पण ही कल्पना प्रथम कोणाला सुचली असेल, हा प्रश्न आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सहसा पडत नाही. भूमितीच्या पुस्तकात समांतर रेषांविषयी ‘प्लेफेअरचे गृहीतक’ भेटते. ते जॉन प्लेफेअर या गणिताच्या प्राध्यापकाचे. त्याचा धाकटा भाऊ विल्यम हाच आपल्या आलेखांचा जनक होय.

विल्यमचा जन्म 1759 साली स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळ एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. 1772 मध्ये वडील वारले आणि थोरल्या भावाने त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. रोजचे तापमान नोंदवून ते रेषांनी दाखवायची सवय जॉननेच त्याला लावली. 1777 पासून तो बर्मिंगहॅमला, वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॅटकडे यंत्रांची चित्रे काढण्याच्या कामावर राहिला. भावाची शिकवण आणि कारखान्यात बसलेला हात, या दोहोंचे फळ म्हणजे 1786 साली निघालेला ‘कमर्शिअल अँड पोलिटिकल ॲटलास’. नाव ॲटलास, पण आत देशांचे नकाशे नाहीत! आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर पौंड आणि मधे आयात-निर्यातीच्या रेषा. डेन्मार्क-नॉर्वेशी चाललेल्या इंग्लंडच्या व्यापारात निर्यातीची रेषा आयातीच्या रेषेला ओलांडून वर गेलेली एका नजरेत दिसते. कोष्टकाची पाने चाळून जे उमगले नसते, ते डोळ्यांनी क्षणात टिपले.

1801 च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’त त्याने वर्तुळाचे भाग पाडून दाखवले. आपली वर्तुळाकृती तिथलीच. त्या पुस्तकाला हिंदुस्थानातील सत्तांचेही असेच चित्रण जोडलेले होते. त्या वेळी पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती जायला अजून 17 वर्षे होती.

इतरांचे हिशेब रेषांत मांडणाऱ्या या माणसाला स्वतःचा हिशेब मात्र कधी जमला नाही. पॅरिसमध्ये त्याने अमेरिकेतील ओहायोच्या जमिनी विकण्याच्या व्यवहारात भाग घेतला. फ्रेंच कुटुंबे तिकडे पोचली, तेव्हा जमिनीवर त्यांचा कायदेशीर हक्कच नव्हता. लंडनमध्ये काढलेली बँक बुडाली, कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला. तरी 1805 मध्ये त्याने ॲडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ची टिपांसह आवृत्ती काढली. 1823 साली तो दारिद्र्यातच वारला.

त्याच्या अखेरच्या काळातील एक आलेख आपण सर्वांनी अभ्यासण्याजोगा आहे. 1565 ते 1821 पर्यंतचे गव्हाचे भाव त्याने स्तंभांनी आणि कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने दाखवली. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधीच इतका स्वस्त नव्हता, हे त्याला सांगायचे होते. पण दोन्हींना शिलिंगांचे एकच प्रमाण दिल्यामुळे भावाचे स्तंभ डोंगरासारखे उभे राहिले आणि अनेक पटींनी वाढलेली मजुरी तळाशी लोळत राहिली. पाहणाऱ्याला वाटावे, गहू महागच झाला! ठरावीक गव्हासाठी किती आठवडे राबावे लागे, एवढीच एक रेषा काढली असती तर मुद्दा आपोआप बोलला असता.

म्हणजे आकडे खरे असूनही चित्र फसवू शकते. चौकटीच्या उंची-रुंदीचेही तसेच आहे. दोन्ही अक्षांवर सेंटिमीटरच असतील तर प्रमाण सारखे हवे, नाहीतर वर्तुळ अंड्यासारखे दिसते. पण वर्षे आणि रुपये यांचे नाते कोणते गणित ठरवणार? अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये यावर एक तोडगा मांडला. रेषेचे चढ-उतार सरासरीने 45 अंशांच्या आसपास राहतील अशी चौकट निवडावी, कारण फार उभे किंवा फार सपाट उतार डोळ्यांना एकमेकांशी ताडता येत नाहीत. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे 11 वर्षांच्या चक्राने वर-खाली होते. उंच चौकटीत नुसता चढ-उतार दिसतो. बसक्या चौकटीत मात्र चढ जलद आणि उतार संथ, हेही कळते.

आज संगणक निमिषात आलेख काढतो आणि आपण काही न सांगितल्यास चौकटही तोच ठरवतो. पण निपाणीच्या तंबाखूचे दहा वर्षांचे दर मांडायचे झाले, तर फार बसक्या चौकटीत शेतकऱ्याची पडझड लपून जाईल आणि फार उंच चौकटीत किरकोळ घट कड्यासारखी भासेल. कोपऱ्यात प्रमाण लिहिल्याबद्दल परीक्षेत आपल्याला गुण मिळतात. ते प्रमाण आपण का निवडले, याचे उत्तरही आपल्यापाशी असले पाहिजे.