एका कवटीसाठी बावीस वर्षं

मित्राचं लग्न, अंगात अर्धवट चढवलेला सूट आणि दारात आलेली दोन खोकी. १९२४ साली जोहान्सबर्गमध्ये ३१ वर्षांचा रेमंड डार्ट अशाच घाईत होता. विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकाने लग्नाआधीच खोकी फोडली. टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून आलेल्या दगडांत मेंदूच्या आकाराचा एक साचा होता.

पुढचे कित्येक आठवडे तो विणकामाच्या सुयांनी दगड कोरत बसला. बाहेर आला एका लहानग्याचा चेहरा, दुधाच्या दातांसकट. मेंदू एपएवढाच, पण सुळे छोटे. मज्जारज्जू ज्या भोकातून बाहेर पडतो, ते कवटीच्या मागे नव्हतं, खाली पुढच्या बाजूला होतं. म्हणजे डोकं मानेवर तोललेलं, म्हणजे हे पोर दोन पायांवर चालणारं! फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याने नाव जाहीर केलं: ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस.

लंडनच्या बड्या मंडळींना काही ते पटेना. एपची पिल्लंही माणसासारखी दिसतात, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता. पण डोक्यात पिल्टडाउनही होतं. इंग्लंडमधल्या त्या कवटीचा मेंदू मोठा आणि जबडा एपचा. त्यामुळे आधी मेंदू वाढला, असंच सगळे धरून चालले होते.

मग रॉबर्ट ब्रूमला दक्षिण आफ्रिकेतच प्रौढांच्या कवट्या मिळाल्या. १९४७ मध्ये आर्थर कीथ यांच्यासारख्या कट्टर विरोधकानेही डार्ट बरोबर होता हे मान्य केलं. १९५३ मध्ये तर पिल्टडाउन चक्क बनावट निघालं: कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात घासलेले.

गोष्ट इथे संपली असती तर डार्ट नुसता हिरो ठरला असता. पण माकापान्सगाटच्या गुहेतली तुटकी हाडं पाहून त्याने ठरवलं की ही हत्यारं आहेत, आपले पूर्वज हिंस्र शिकारी होते. बॉब ब्रेनने मांसाहारी प्राणी खाऊन टाकतात ती हाडं तपासली. मोडतोड तशीच! टाउंगच्या बाळाच्या डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणाही पुढे गरुडाने मारलेल्या माकडांच्या कवट्यांशी जुळल्या. शिकारी कसले, आपणच शिकार होतो.

डार्ट १९८८ मध्ये, ९५व्या वर्षी गेला. एकदा सगळ्यांविरुद्ध बरोबर, एकदा ठाम चुकीचा. त्यामुळे नवा पूर्वज सापडल्याची बातमी वाचाल तेव्हा शोधणारा किती मोठा आहे ते सोडा. ते हाड कशाकशाशी ताडून पाहिलंय, ते आधी बघा.